मदतीची वही कुणाच्या हातात?

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरायला लागलं तेव्हा आमच्या कोथरूडच्या सोसायटीनं एक टेम्पो भरला. हायवे शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता, पण आम्हाला पलूस तालुक्यात जायचं होतं, म्हणून कराडवरून आत वळलो. टेम्पोत एकशेवीस चादरी, बिस्किटांचे खोके, बाटलीबंद पाणी आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. त्यातल्या एका गाठोड्यात लग्नातली शेरवानी निघाली, ती कुणी टाकली हे अजून कबूल केलेलं नाही.

गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात तलाठी बसले होते. समोर लांबट रजिस्टर, पायात प्लास्टिकच्या चपला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आम्ही मोठ्या उत्साहानं यादी वाचली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चादरी नकोत. पाणीबी नको. खराटे आणलेत का? फिनेल? जनावरांना कडबा?" आमच्यातले दोघं भडकले. लोक पुण्याहून स्वतःच्या खर्चानं येतायत आणि हा माणूस नको म्हणतोय! तलाठ्यांनी मागच्या वर्गाचं दार ढकलून दाखवलं. चादरींचा ढीग खिडकीच्या गजांपर्यंत पोचला होता. मग त्यांनी बिस्किटं उतरवून घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'चादरी १२०, परत.'

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. "भाऊसाहेब, वड्यापल्याडची आमची वस्ती हाय का तुमच्या वहीत?" नव्हती. चार दिवसांत तिकडं कुणी गेलंच नव्हतं. तलाठी जरा ओशाळले, तिथल्या तिथं एक ओळ वाढवली आणि कोतवालाला आमच्या टेम्पोत बसवून दिलं. वीस-बावीस चादरी त्या वस्तीत गेल्या. बाकीच्या पुण्याला परत आल्या.

हा प्रसंग मी परक्या देशांच्या राज्यकारभाराच्या चर्चेत ओढून आणतोय याचं कारण माझा धंदा. मी हिशेबतपासनीस आहे, पुण्यातल्या बऱ्याच सामाजिक संस्थांची ऑडिट करतो. मोडकळीस आलेल्या देशाला बाहेरून मदत कशी द्यावी आणि देणाऱ्यांचा मेळ कसा घालावा, यावर जगभर हजारो पानं लिहिली जातात. त्यांतली थोडी कामानिमित्त वाचावी लागली. दरवेळी मला तो व्हरांडा आठवतो. आपला खर्च आणि वेळ घालून आलेल्या माणसाला तोंडावर नको म्हणू शकणारा माणूस, त्याच्यापुढची वही, आणि त्या वहीत आपण नाही हे चारचौघांत ओरडून सांगणारी बाई. मदतीचा मेळ बसायला हे तिघं लागतात. देणाऱ्यांनी आपापसात घेतलेल्या बैठकांनी तो बसत नाही. काबूलमध्ये वीस वर्षं तेच करून पाहिलं.

नोव्हेंबर २००१ मध्ये तालिबान काबूल सोडून पळाले. डिसेंबरात बॉनला नव्या सरकारचा करार झाला, जानेवारी २००२ मध्ये टोकियोत देणाऱ्यांची परिषद भरली आणि सुमारे साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली. त्याच वर्षी बड्या देशांनी कामं वाटून घेतली. अमेरिकेनं सैन्य उभारायचं, जर्मनीनं पोलीस, इटलीनं न्यायव्यवस्था, ब्रिटननं अफूचा बंदोबस्त, जपाननं टोळ्यांची शस्त्रं उतरवायची. कागदावर याच्याइतकी सुबक वाटणी नाही. प्रत्येकाला आपलं शेत आणि आपला बांध.

आता चोर पकडला की काय होतं ते बघा. त्याला पकडणारा पोलीस जर्मनांनी तयार केलेला. त्यांच्या पद्धतीत काबूलच्या अकादमीत अधिकाऱ्याला वर्षानुवर्षं नीट शिकवायचं. अमेरिकेला हा वेग परवडेना, म्हणून तिनं कंत्राटदारामार्फत काही आठवड्यांचे वेगळे वर्ग काढले. एका ठाण्यात दोन तऱ्हांचे पोलीस. चोर कोर्टात नेला तर तिथं २००४चा तात्पुरता फौजदारी प्रक्रिया कायदा, तो इटालियन सल्लागारांनी लिहिलेला आणि अफगाण न्यायाधीश-वकिलांना फारसं न विचारता लागू केलेला. चोराकडे अफू सापडली तर ब्रिटिशांचं खातं. तो एखाद्या सरदाराच्या टोळीतला निघाला तर जपानचं. तुरुंग कुणाकडे, हे वाटणीत वेगळं सांगितलंच नव्हतं. आणि अफू? २००७ मध्ये तिथं सुमारे ८,२०० टन पिकली, तोवरचा उच्चांक.

पुढं प्रांतही असेच वाटले गेले. हेल्मंदमध्ये ब्रिटिश, कंदाहारात कॅनडा, उरुझगानमध्ये डच, बामियानमध्ये न्यूझीलंड, घोरमध्ये लिथुआनिया. होय, लिथुआनिया. प्रत्येक ठिकाणी सैनिक आणि विकासकामवाले एकाच तळावर राहणार, त्या त्या देशाच्या तिजोरीतून शाळा-रस्ते होणार. ज्याची तिजोरी मोठी त्याचा प्रांत भाग्यवान. त्यातही पैसा वाहत गेला तो जिथं लढाई पेटलेली तिकडं. बामियानसारख्या शांत प्रांतातले लोक उघड विचारत, आम्ही बंदुका उचलल्या नाहीत ही आमची चूक का? शांतता रुजवण्यासाठी आलेल्या पैशानं शांत राहणाऱ्यालाच मागं ठेवलं. प्रांताप्रांतात किती जातं याचा तक्ता काबूलमधल्या एका टेबलावर असता, तर ही विसंगती कुणाही कारकुनाच्या ध्यानात आली असती.

तो कारकून का नव्हता, हा खरा प्रश्न. तर तो होता, पण त्यानं नोकरी बदलली होती.

कोंढव्यात माझ्या ओळखीचा एक अफगाण तरुण राहतो. विद्यापीठात शिकायला आला आणि २०२१ नंतर इथंच अडकला. त्याआधी दोन वर्षं एका प्रांताच्या शिक्षण कार्यालयात होता. चहा पिताना त्यानं मला सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्याच्या कार्यालयात एकाच खोलीत दोन टेबलं होती. एकावर सरकारी नोकर, वीस वर्षं नोकरी झालेला, जिल्ह्यातली शाळा न् शाळा माहीत असलेला. दुसऱ्या टेबलावर 'प्रोजेक्ट'वाला, परदेशी पैशानं पगार मिळणारा, सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला. दुसऱ्याचा पगार पहिल्याच्या कित्येक पट. पहिला माणूस सकाळी काय करत असेल? दुसऱ्या टेबलासाठी अर्ज लिहीत असे.

ही एका खोलीची गोष्ट नव्हती. शिक्षक दुभाषे झाले, इंजिनिअर परदेशी संस्थांच्या गाड्या चालवायला लागले, कारण ड्रायव्हरचा पगार इंजिनिअरपेक्षा जास्त. मदत करणाऱ्यांनी ज्या सरकारला उभं करायचं म्हणून पैसा आणला, त्याच सरकारमधली शहाणी माणसं त्या पैशानं फोडून नेली. मग म्हणायचं, सरकारकडे क्षमताच नाही, तेव्हा आणखी काही वर्षं आपणच काम केलेलं बरं. आडातलं पाणी आपणच उपसायचं आणि पोहरा कोरडा आला म्हणून नावं ठेवायची.

मी ज्या छोट्या संस्थांची ऑडिट करतो तिथं हेच चित्र लहान मापात दिसतं. खेड-जुन्नरकडच्या आदिवासी पाड्यांत काम करणारी एक संस्था, पाच देणगीदार. एकाचं वर्ष एप्रिल ते मार्च, दुसऱ्याचं जानेवारी ते डिसेंबर, तिसऱ्याचं जुलै ते जून. प्रत्येकाचा युटिलायझेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्चल्याच्या दाखल्याचा, नमुना वेगळा. एकाच जीपचं डिझेल पाच शीर्षांत विभागून टाकायचं. संस्थेत हिशेब समजणारी एकच ताई. ती महिन्यातले किती दिवस पाड्यावर जाते, असं मी एकदा विचारलं. ती हसली. आता त्या ताईच्या जागी एखादं अख्खं मंत्रालय ठेवा आणि देणगीदारांची संख्या कितीतरी पट वाढवा.

देणाऱ्या देशांना हे कळत नव्हतं असं नाही. मार्च २००५ मध्ये पॅरिसला त्यांनी जाहीरनामाच काढला की मदत घेणाऱ्या देशाच्या योजनेप्रमाणे, त्याच्याच खात्यांतून आणि त्याच्याच हिशेबपद्धतीनं पैसा द्यायचा. २०१० पर्यंतची तेरा उद्दिष्टं ठरली. मुदत संपल्यावर मोजलं तेव्हा जगभर मिळून एक साधलं होतं. अफगाणिस्तानसाठी २००६ मध्ये लंडनला वेगळा करार झाला, त्यातून समन्वय मंडळ निघालं. २०१० मध्ये काबूलला ठरलं की दोन वर्षांत निम्मी मदत सरकारी अंदाजपत्रकातून द्यायची. बैठका झाल्या, इतिवृत्तं झाली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

पण त्याच देशात दोन कामं अशी झाली की ऑडिटवाला म्हणून मला त्यांचं कौतुक आहे. पहिलं म्हणजे २००२ मध्ये जागतिक बँकेनं चालवायला घेतलेला पुनर्बांधणी निधी. अनेक देशांनी एकाच हंड्यात पैसे टाकायचे. त्यातून शिक्षकांचे, कारकुनांचे पगार व्हायचे, पण आधी सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून खर्च करायचा, बाहेरचा तपासनीस व्हाउचरं पाहणार आणि नियमात बसेल तेवढंच परत मिळणार. नियमात न बसणारं बिल सरकारच्या अंगावर. यात पैसा कुठं मुरतो ते दिसतं आणि कारकुनाला व्हाउचर लिहायची सवयही लागते. सवय ही मोठी गोष्ट आहे. शांततेच्या चर्चांमध्ये तिचा उल्लेख कधी येत नाही.

दुसरं, २००३ मध्ये सुरू झालेला गावनिधीचा कार्यक्रम. गावानं गुप्त मतदानानं आपली समिती निवडायची, तिनं काम ठरवायचं, आणि कुटुंबामागे २०० डॉलर या हिशेबानं, जास्तीत जास्त ६०,००० डॉलर, थेट गावाला मिळायचे. विहीर हवी की वीज की पूल, ते गाव ठरवणार. स्वयंसेवी संस्था होत्या, पण मदतनीस म्हणून. पैशाचा जमाखर्च गावासमोर मांडायची अट होती. आपल्याकडच्या चावडीवाचनाची ती पठाणी बहीण म्हणा ना. यावर पुढं मोठा शास्त्रीय अभ्यास झाला. त्यात पाणी आणि वीज सुधारली असं दिसलं. सरकारबद्दलचं मत थोडं बदललं, फार नाही. आणि पाकिस्तानला लागून असलेल्या पूर्व भागात हिंसेवर काहीच परिणाम नव्हता. म्हणजे विहिरीनं तालिबान थांबत नाही. तसा दावाही करू नये.

लायबेरियाचं उदाहरण मला आणखी बोचरं वाटतं. चौदा वर्षांच्या यादवीनंतर तिथल्या हंगामी सरकारातले लोक उरलीसुरली तिजोरीही धुऊन नेत होते. सप्टेंबर २००५ मध्ये देणाऱ्यांनी एक अपमानास्पद वाटावी अशी अट घातली. बंदर, विमानतळ, जंगल खातं, मध्यवर्ती बँक अशा कमाईच्या ठिकाणी परदेशी नियंत्रक बसणार आणि खर्चावर त्याची दुसरी सही लागणार. सार्वभौमत्व गेलं म्हणून ओरड झाली आणि ती खोटी नव्हती. पण हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही कळेल की चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या असल्या म्हणून सोसायटी दुसऱ्याची होत नाही. परदेशी माणूस लायबेरियाच्या कचेरीत बसला, लायबेरियाच्याच वहीत सही करत होता. त्यानं शेजारी दुसरी कचेरी थाटली नाही. २०१० मध्ये तो गेला, वही तिथंच राहिली. काबूलमध्ये सार्वभौमत्वाचा मान तोंडभरून राखला आणि वह्या मात्र प्रत्येकानं आपापल्या घरी ठेवल्या.

नेपाळ तर आपल्या अंगणातला. पुण्यात निम्म्या सोसायट्यांचे रखवालदार तिकडचे. माओवाद्यांच्या दहा वर्षांच्या युद्धाच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकलेला मी एकटाच नसेन. नोव्हेंबर २००६ मध्ये तिथं शांतता करार झाला, २००७ मध्ये शांतता निधी निघाला. तो नेपाळच्याच मंत्रालयाकडे होता आणि सरकारनं स्वतःही त्यात पैसा घातला. संयुक्त राष्ट्रांनी पडताळून मोजलेले १९,६०२ माओवादी लढवय्ये छावण्यांत होते, त्यांचा खर्च, पुढं गावोगावच्या उद्ध्वस्त पोलीस चौक्या, विस्थापितांचे पैसे. छावण्यांच्या पैशात खाबुगिरी झाल्याचे आरोप झाले, ते जोरात झाले. त्या लढवय्यांतले शेवटी चौदाशेच्या आसपास सैन्यात गेले आणि बहुतेकांनी रोख रक्कम घेऊन घर गाठलं. सरकारं पडत राहिली, पण युद्ध परतलं नाही. सगळं श्रेय निधीला देता येणार नाही, पण भांडण काठमांडूतल्या एका मंत्रालयाच्या दारात करता येत होतं, एवढं नक्की.

आता आक्षेप. मी हे सगळं मांडलं की आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त बँकवाले मित्र एकच शब्द म्हणतात: काबूल बँक. खरंय. २०१० मध्ये ती बँक कोसळली. सरकारी नोकरांचे पगार ज्या बँकेतून व्हायचे तिच्यातून वजनदार मंडळींनी नव्वद कोटी डॉलरच्या घरात कर्जं उचलून गिळली. सैन्याच्या हजेरीपटावर तर न जन्मलेले शिपाई पगार घेत होते. असल्या सरकारच्या वहीत कोण शहाणा पैसा टाकेल?

याचं उत्तर द्यायलाच हवं. एक तर वही टाळली म्हणून चोरी टळली नाही. अफगाण हवाई दलासाठी अमेरिकेनं इटलीची वीस मालवाहू विमानं घेण्याचा घाट घातला, त्यावर सुमारे ५५ कोटी डॉलर गेले. ती चालेनात, म्हणून त्यातली सोळा भंगारात विकली, सुमारे ४० हजार डॉलरला. आपल्या जुन्या बाजारात याहून बरी किंमत आली असती. हा सगळा व्यवहार अमेरिकेच्या कडक हिशेबपद्धतीतून झाला. त्यांनीच नेमलेल्या खास महानिरीक्षकांनी तो उघड केला, पण ते कार्यालयच २००८ मध्ये निघालं, पैसा वाहायला लागून सहा-सात वर्षं झाल्यावर. अमेरिकेनं पुनर्बांधणीच्या नावाखाली मंजूर केलेली रक्कम शेवटी १४५ अब्ज डॉलरच्या आसपास पोचली.

दुसरं, चोर कुठल्या वहीत पकडला जातो याला महत्त्व आहे. काबूल बँकेची लूट झाली तेव्हा अफगाण लोक चिडले, संसदेत आरडाओरडा झाला, खटले भरले गेले, तेही पांगळे. विमानांच्या भंगाराबद्दल काबूलच्या संसदेनं कुणाला जाब विचारायचा? तो प्रश्न वॉशिंग्टनच्या वहीतला होता. जो पैसा आपल्या अंदाजपत्रकात नाही त्याच्याबद्दल नागरिक भांडत नाही आणि मंत्रीही उत्तर देत नाही. मग निवडणुका होतात, पण त्या कशावर लढायच्या? शेवटच्या काही वर्षांत तिथल्या सार्वजनिक खर्चातला जवळपास तीन चतुर्थांश हिस्सा परदेशी अनुदानाचा होता. १५ ऑगस्ट २०२१ ला राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले. २००२ ते २००४ मध्ये अर्थमंत्री असताना याच घनींनी गावनिधी आणि एकाच हंड्यातल्या मदतीचा आग्रह धरला होता. त्यांना रोग कळला होता. इलाज त्यांच्याकडूनही झाला नाही, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी कारभार जितका मूठभर माणसांत कोंडला तितका तो आणखी हाताबाहेर गेला.

माझ्या स्वतःच्या म्हणण्याविरुद्धचा एक मुद्दा मला याहून जास्त छळतो. एकच वही म्हणजे एकाच हातात चावी. आपल्याकडे परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला दिल्लीत स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं उघडावं लागतं, आणि मोठ्या संस्थेला ती देणगी छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही. हिशेब सोपा झाला, हे मी तपासनीस म्हणून मान्य करतो. पण लहान गावातल्या संस्थेच्या नरड्यावरही पाय पडला. हे धड चालणाऱ्या देशात. जिथं नुकतीच यादवी संपलीय तिथं सरकार म्हणजे बहुधा लढणाऱ्या गटांतलाच एक. त्याच्या हातात सगळी वही दिली तर वड्यापल्याडची वस्ती कायमची गायब होईल. त्या व्हरांड्यात बाई बोलू शकली, कारण तलाठी उघड्यावर बसले होते आणि बोलल्याबद्दल तिला कुणी उचलून नेणार नव्हतं. म्हणून वही सरकारची असावी, पण ती बंद कपाटात असू नये. ती चावडीवर वाचली जायला हवी, आणि देणाऱ्यांनी अट घालायचीच असेल तर पहिली ही घालावी. निवडणुकीची तारीख, मंत्र्यांची नावं, कायद्याचा मसुदा या अटींआधी ही.

पुण्यात बसून हे लिहिताना अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आठवल्याशिवाय राहत नाहीत. गोखले संस्थेचे ते पहिले संचालक. १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा केंद्राची मदत राज्यांना मिळायची ती योजनेयोजनेला, दिल्लीच्या मर्जीनं. राज्यांच्या अधिकाऱ्यांनी दिल्लीच्या खात्याखात्यांतून जोडे झिजवायचे. गाडगीळांनी चौथ्या योजनेसाठी सूत्र बसवलं. साठ टक्के लोकसंख्येवर, बाकीचं दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर, दहा-दहा टक्के. रक्कम एकगठ्ठा. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची सोय त्याआधी वेगळी, म्हणजे जिथं राज्ययंत्रणाच नाजूक किंवा अशांत तिथं मापही निराळं. दोष काढायचे तर सूत्रात पुष्कळ निघतील, पुढं ते बदललंही. पण देणाऱ्याच्या मर्जीचं रूपांतर घेणाऱ्याच्या हक्कात करायचं तर ते कसं, हे बीएमसीसी रस्त्यावरच्या त्या दगडी इमारतीतल्या माणसानं दाखवून दिलं. काबूलला, दक्षिण सुदानच्या जुबाला, हैतीच्या पोर्ट-ओ-प्रिन्सला हेच हवं होतं. आपण मात्र त्याला स्पर्धापरीक्षेतला चार मार्कांचा प्रश्न करून ठेवलं.

भारत स्वतः दीर्घकाळ घेणारा होता. १९५८ मध्ये जागतिक बँकेनं आपल्याला मदत करणाऱ्या देशांचा गट जमवला, पण टेबलावर पंचवार्षिक योजनेचं पुस्तक आपलं होतं. आणि २००३ मध्ये आपण उरलेल्या बहुतेक लहानमोठ्या देणगीदार देशांना नम्रपणे सांगितलं की आता थेट मदत नको, सहा ठिकाणचीच घेऊ. ज्यांना नाही म्हटलं ते काही वाईट नव्हते. फक्त प्रत्येकासाठी वेगळं दप्तर ठेवणं परवडत नव्हतं. तलाठ्यांचा शेरा दिल्लीनं मारला.

आता आपण देणारे झालोय आणि इथं मला आपल्याच सरकारशी भांडायचंय. अफगाणिस्तानात भारतानं केलेली कामं चांगली होती. झरंज ते देलाराम सुमारे २१८ किलोमीटरचा रस्ता, डिसेंबर २०१५ मध्ये संसदभवन, जून २०१६ मध्ये हेरातचं ४२ मेगावॉटचं सलमा धरण, शिवाय चौतीसही प्रांतांत मिळून चारशेहून जास्त लहान-मोठे प्रकल्प. लोकांना ती आवडली, कारण त्यात अटी नव्हत्या आणि सल्लागारांची फौज नव्हती. पाश्चात्त्य देणगीदारांच्या क्लबच्या टेबलावर आपण बसत नाही, हे आपण अभिमानानं सांगतो. समजू शकतो. पण त्या टेबलाऐवजी काबूलच्या मंत्रालयाच्या टेबलावर तरी आपण बसतो का? धरण बांधून किल्ली दिली. ते चालवणाऱ्या माणसांचा पगार, गाळाचा खर्च, सुटे भाग हे कुणाच्या अंदाजपत्रकात? संसदभवन देखणं आहे. त्यात अंदाजपत्रकावर चर्चा करणारे खासदार ज्या आकड्यांवर बोलायचे, त्यात बाहेरच्या देशांनी परस्पर केलेला खर्च असायचाच नाही. पाश्चात्त्यांची शंभर दुकानं होती. आपण एकशे एकावं काढलं, इतकंच की माल चांगला होता.

२०२१ नंतर आपण ५०,००० टन गहू जाहीर केला, तो जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हातून वाटला गेला. उपाशी माणसाच्या बाबतीत तेच योग्य. आता काबूलमध्ये पुन्हा दूतावास उघडलाय. मुलींना शाळेबाहेर ठेवणाऱ्या राजवटीच्या वहीत पैसा टाका, असं मी म्हणणार नाही. पण तिथंही खालच्या थरावर वही असते. दवाखान्यातला औषधांचा साठा, गावाच्या पाण्याची समिती, दाईची हजेरी. ते सोडून पुन्हा वरून रस्ता आणि धरण एवढंच द्यायचं असेल, तर मागच्या वीस वर्षांचं ट्यूशन फुकट गेलं. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली मदतसंस्थाच गुंडाळली. जानेवारीत पैसा गोठला आणि १ जुलैला दुकान बंद. ज्या देशांत दाईचा पगार परस्पर त्या संस्थेच्या कंत्राटातून व्हायचा तिथं दाई घरी बसली, आणि तिची जागा सरकारी पटावर कधी नव्हतीच, त्यामुळे रिकामी झाली असं म्हणायलाही कागद नाही.

मग पुण्यानं काय करावं? परदेशी विद्यार्थी हे शहर वर्षानुवर्षं सांभाळतंय. सरकारी शिष्यवृत्तीवर हजारो अफगाण मुलं भारतात आली, त्यातली पुष्कळ इथं शिकली, आणि त्यांच्यात सरकारी नोकरीतून रजा घेऊन आलेलेही होते. आपण त्यांना एमबीए दिलं. बाणेर रस्त्यावरच्या यशदात आपल्या अधिकाऱ्यांना ज्या गोष्टी शिकवतात, पंचनामा कसा करायचा, ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा, आपत्तीत साहित्याची नोंद कशी ठेवायची, त्या शिकायला त्यांच्यातले किती गेले? धरणाच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात हे बसेल. त्याचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला काही नसतं, ही अडचण मला समजते.

कोंढव्यातल्या त्या तरुणाच्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेलची फाइल आहे. त्याच्या प्रांतातल्या शाळांची यादी त्यानं स्वतःच्या हौसेनं केली होती, कारण कार्यालयात ती कुणाकडेच पूर्ण नव्हती. काही शाळा दोनदा बांधलेल्या निघाल्या, काही फक्त फोटोत. रकाने साधे आहेत. गाव, खोल्या, कुणी बांधली, कधी. त्यात जर्मन आहेत, स्वीडिश आहेत, अमेरिकी आहेत, आणि तीन ओळींत भारतही आहे. ही यादी त्यानं सगळ्या देणगीदारांना मेलनं पाठवली आणि एक रकाना भरून मागितला. एकाचं उत्तर आलं, तेही पोचपावतीचं. तो रकाना मला त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला. वर लिहिलंय, 'शिक्षकाचा पगार कोण देणार?' खाली एकसारखी रिकामी घरं, स्क्रोल करत गेलं तरी संपत नाहीत.